पेन वाळायला एक दिवस

दादाने मला न विचारता बाबांचं पेन देऊन टाकलं होतं, आणि ही बातमी त्याने मला फोनवर, गाडी चालवता चालवता दिली.

"अगं, बाबांच्या ऑफिसातून फोन आला होता. नव्या इमारतीत काचेचं कपाट करतायत, जुन्या लोकांच्या वस्तू ठेवणार आहेत. बाबांचं पेन हवंय म्हणाले. मी म्हटलं, न्या की."

"फोन कोणी केला?"

"अधीक्षकांनी. स्वतः. उद्या सकाळी येतायत न्यायला. मीही पोचतो. आणि नीट बोल हां छोटी, चांगलं काम करतायत ते."

मी फोन ठेवला. ते पेन त्या वेळी माझ्या पुढ्यातच होतं, सुटं केलेलं. टोपण एकीकडे, नळी एकीकडे आणि निबवाला पुढचा भाग पाण्याच्या वाडग्यात.

बाबांना जाऊन सतरा दिवस झाले होते. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी त्यांनी पेनात निळी शाई भरली होती. नंतरचे तीन आठवडे मी दवाखान्याच्या बाकावर काढले आणि पेन टेबलावर तसंच पडून राहिलं. त्या शुक्रवारी टोपण उघडलं तर निबवर निळं खरखरीत कवच धरलेलं. बाबा असते तर माझ्याशी दोन दिवस बोलले नसते. पेनात शाई वाळू देणं हा त्यांच्या लेखी गुन्हा होता. त्याला कारण चालत नसे, आणि मरण हेही त्यांनी कारण म्हणून मान्य केलं असतं असं मला वाटत नाही.

मग मी धुवायला बसले, त्यांनी शिकवलं होतं तसं. पाणी साधं, गार. ("गरम पाण्याने चहा करतात, पेनं धूत नाहीत.") आधी भिजत ठेवायचं, मग ड्रॉपरने निबमागच्या भोकातून पाणी सोडत राहायचं. निबखाली एक काळी खाचांची पट्टी असते, तिला बाबा जीभ म्हणत. सगळी जुनी शाई त्या खाचांत दडून बसते. पांढऱ्या कपात पडणारं पाणी आधी गडद, मग फिकट, मग नुसतं निळसर, आणि शेवटी काहीच रंग नसलेलं. तिथे लोक थांबतात. बाबा त्यानंतर आणखी तीन वेळा धूत. मग जुन्या बनियनच्या मऊ तुकड्यात निब गुंडाळून, तोंड खाली करून ते पेल्यात उभं ठेवायचं. कापड पाणी ओढून घेतं. उन्हात नाही, पंख्याखाली नाही. एक पूर्ण दिवस.

त्या दिवसाला आम्ही घरात पेनाची रजा म्हणायचो. त्या दिवशी बाबा काही लिहीत नसत. दूधवाल्याच्या वहीवर सहीसुद्धा नाही. "उद्या," म्हणायचे.

एका संस्थेच्या कार्यालयात बाबांनी सव्वीस वर्षं पदव्यांची प्रमाणपत्रं हाताने लिहिली. नाव, विषय, श्रेणी, तारीख. रोजच्या कामाला निळी शाई आणि प्रमाणपत्रांना काळी, कायमची, जी लिहिताना राखाडी दिसते आणि हवा लागली की रात्रभरात काळीभोर होते. मग ती पाण्यानेही जात नाही. पण दोन्हींना पेन एकच. "दोन पेनं का नाही ठेवत?" असं मी लहानपणी विचारलं होतं. "दोन घरचा पाहुणा उपाशी," बाबा म्हणाले. ती निब त्यांच्या हाताच्या कलाने झिजली होती, दुसऱ्या निबने त्यांचा 'श्र' वळत नसे. त्यामुळे निळीवरून काळीवर जायचं तर धुणं, आणि धुतलं की एक दिवस वाट पाहणं. काळी शाई फार वेळ पेनात ठेवायची नाही म्हणून ते दिवसापुरती, अर्धा ड्रॉपर भरत. अर्ध्या ड्रॉपरात आधीचे चार थेंब पाणी असलं तर शाई पातळ होते. वाईट असं, की पातळ शाई पहिल्या दिवशी कळत नाही. अक्षर काळंच दिसतं. आठ-दहा महिन्यांनी त्याचा चहाच्या डागासारखा रंग होतो.

ऑफिसात त्यांना सगळे 'उद्या' म्हणत. तोंडावर 'उद्यासाहेब'. बाबांना ते आवडायचं, असं मला तेव्हा वाटायचं.

अकरा वर्षांपूर्वी हे अधीक्षक बढतीवर आले. आल्या आल्या एका कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी उशिरा लागलेल्या निकालांची एक्केचाळीस प्रमाणपत्रं निघाली. बाबांनी त्याच दुपारी पेन धुतलं होतं. अधीक्षक टेबलाशी येऊन उभे राहिले. बाबा म्हणाले, उद्या भरतो. ते म्हणाले, उद्या पाहुणे येतायत, उद्या काय त्यांच्या हातात कोरे कागद देऊ? फुंकर मारा, झटका, काही करा, पण आत्ता भरा.

संध्याकाळी घरी आल्यावर चपला काढता काढता बाबांनी मला हे सांगितलं. शेवटी म्हणाले, "साहेब म्हणाले भरा. भरलं."

"तुम्ही नाही म्हटलं नाही?"

"म्हटलं. एकदा."

आठ महिन्यांनी पहिली मुलगी प्रमाणपत्र घेऊन परत आली. तिचं नाव तपकिरी झालं होतं. मग दुसरा आला, मग रांग लागली. आणि मग बाबांना ज्ञापन मिळालं, खाली अधीक्षकांची सही. त्याची प्रत बाबांच्या खणात, शर्टांच्या खाली होती, आणि मला ती पाठ आहे. 'आपण निकृष्ट प्रतीची शाई वापरून संस्थेच्या दस्तऐवजांची हानी केली आहे. याबाबत एका दिवसात लेखी खुलासा करावा.' चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी, सही-शिक्क्यासकट.

"तुम्ही काय लिहिलंत खुलाशात?" मी विचारलं होतं.

"जे होतं ते लिहिलं."

महिन्याभरात प्रमाणपत्रांना छपाईचं यंत्र आलं आणि बाबांना टपालाच्या खिडकीवर बसवलं. निवृत्त होईपर्यंत तीन वर्षं त्यांनी पाकिटांना तिकिटं चिकटवली. ज्या माणसाच्या अक्षरासाठी लोक आपली पदवी चौकटीत लावायचे त्याच्या बोटांना डिंक. अकरा वर्षं मी हे असं समजत होते की बाबांनी खरं लिहिलं आणि अधीक्षकांनी ते दाबलं. माझ्या रागाला ते पुरेसं होतं. बाबांना कधी राग आलेला दिसला नाही, म्हणून त्यांच्या वाटचाही मीच करत होते.

शनिवारी सकाळी अधीक्षक आले. आता त्यांचीही निवृत्ती जवळ आली होती. केस काळे केलेले, हातात मखमल लावलेली लांबट पेटी. दादा त्यांच्याआधी अर्धा तास येऊन, आंघोळ करून, इस्त्रीच्या शर्टात तयार होता. त्याने त्यांना बसायला खुर्ची पुढे केली, पंखा लावला. चहाचंही त्यानेच बघितलं. मी टेबलाशेजारी उभी राहिले.

"फार मोठा माणूस," अधीक्षक म्हणाले. "असं अक्षर आता होणे नाही. मी संचालकबाईंना म्हटलं, कपाटात पहिली वस्तू ठेवायची तर हीच. बाई नवीन आहेत, चार महिने झालेत, पण लगेच हो म्हणाल्या. बुधवारी उद्घाटन आहे. बाई त्याच पेनाने वहीत पहिली सही करणार. तेवढं जरा काळी शाई भरून द्याल का, ताई?"

"नाही भरता यायची. काल धुतलंय. अजून वाळतंय."

टेबलावर पेला होता, त्यात बनियनच्या तुकड्यात गुंडाळलेला पेनाचा भाग. त्यांनी तिकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि ते मनापासून हसले.

"तुम्हीही? रक्तातच आहे म्हणायचं हे."

दादाही हसला. पाहुणा हसला की हसायचं, ही दादाची रीत. मी त्याच्याकडे बघितल्यावर तो थांबला.

"पेन देते मी," मी म्हटलं. "आधी तुमच्याकडून एक कागद हवाय."

"कसला?"

"त्या एक्केचाळीस प्रमाणपत्रांच्या वेळी ओल्या पेनात शाई भरायला तुम्ही सांगितलंत, एवढं लिहून द्या. आणि ते ज्ञापन रद्द करून घ्या."

अधीक्षकांनी पेटी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली. "अहो ताई, अकरा-बारा वर्षं झाली त्याला. आता कशाला जुनी मढी उकरायची?"

बोलून गेल्यावर त्यांना कळलं, कुठल्या घरात काय बोललो ते. दादाने चहाचा कप उगाच उचलून परत ठेवला. मी त्यांना सावरायला भरपूर वेळ दिला.

"म्हणजे, तसं नव्हे," ते म्हणाले. "मी काय म्हणतो, कार्यक्रमात मी दोन शब्द बोलतो ना. चार बोलतो. असा माणूस, तसा माणूस. सगळ्यांसमोर."

"बोलून नको. ज्ञापन तुम्ही बोलून नव्हतं दिलं."

"फाईल बंद झालीय हो."

"उघडा मग."

"ती बंद आहे तेच बरं," ते म्हणाले, आणि या वेळी त्यांचा आवाज बदलला होता. "तुमच्या भल्यासाठी सांगतोय."

"माझ्या भल्याचं मी बघते."

"छोटी," दादा म्हणाला, "पाहुणे आहेत ते."

"पाहुण्यांना चहा दिलाय ना तू?"

अधीक्षक उठले. दारात दादाच्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात, पण मला ऐकू येईल इतपत, म्हणाले, "असू दे हो, दुःखात माणूस बोलतं." रिकामी पेटी काखेत मारून ते जिना उतरले.

दादाने दार लावलं आणि कडीवर हात ठेवून तसाच उभा राहिला.

"काय मिळालं तुला?"

"अजून काही नाही."

"चार लोक येऊन बाबांचं नाव घेणार होते. तेवढं व्हावं असं वाटत होतं मला. त्यात काय वाईट होतं?"

"ज्याने त्यांना तिकिटं चिकटवायला बसवलं तो त्यांचं नाव घेणार. तुला चालेल ते?"

"बाबांना चाललं असतं."

"म्हणून तर मला नाही चालत."

"सुंभ जळला तरी पीळ जात नाही तुझा," दादा म्हणाला. "बाबा स्वतः कधी एका शब्दाने बोलले नाहीत. तू मात्र अकरा वर्षं त्यांच्या नावाने शिळ्या कढीला ऊत आणतेस. त्यांनी तुला वकीलपत्र दिलं होतं?"

"तुला तरी कुठे दिलं होतं? पेन वाटत सुटलास ते."

"मी लांब राहतो म्हणून मला काही विचारायचंच नाही, असं आहे का? माझेही वडील होते ते."

यावर मला उत्तर होतं, चांगलंच लागेल असं. दवाखान्यातल्या एकवीस दिवसांपैकी तो किती दिवस होता ते मला माहीत होतं आणि त्यालाही. मी ते बोलले नाही. मोठेपणा म्हणून गिळलं असं नव्हे. राग एकाच ठिकाणी लागावा, इकडे तिकडे सांडू नये, असं वाटलं म्हणून. दादा दुपारच्या गाडीने परत गेला. "बुधवारी मला दोन शब्द बोलायला सांगितलंय, मी येणार आहे," एवढंच म्हणाला. चार दिवस आमचा फोन झाला नाही.

रविवारी पेन वाळलं. मी ते जोडून खणात ठेवलं, शाई न भरता.

बुधवारी मी गेले. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण दार उघडं होतं. पर्समध्ये ज्ञापनाची प्रत आणि संचालकांच्या नावे एक अर्ज होता. कार्यक्रम झाला की आवक खिडकीवर देऊन पोच घ्यायची, असं ठरवलं होतं. नव्या इमारतीच्या दर्शनी दालनात रंगाचा वास होता. पन्नास-साठ माणसं खुर्च्यांवर, समोर टेबल, टेबलामागे भिंतीत काचेचं कपाट. दादा पहिल्या रांगेत होता. त्याने मला बघितलं आणि शेजारच्या खुर्चीवरची आपली पिशवी उचलली. मी तिथे जाऊन बसले.

मग मी कपाटाकडे नीट बघितलं. आत मधोमध, निळ्या मखमलीवर, एक पेन होतं. त्याखाली बाबांचं नाव, सेवेची वर्षं आणि मोठ्या अक्षरांत 'अचूकतेचा वारसा'.

पेन चकचकीत, सोनेरी पट्ट्यांचं. टोपणाच्या क्लिपवर दुकानातल्या पातळ प्लास्टिकचं वेष्टण तसंच राहिलं होतं.

दादाने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "हे कुठलं?" त्याने मला विचारलं.

"मला काय माहीत."

अधीक्षक खुर्च्यांमधून फिरत होते. दादाने त्यांना हात करून बोलावलं. "साहेब, हे पेन?"

"प्रतीकात्मक आहे हो ते," ते वाकून, त्याच्या कानाशी म्हणाले. "लोकांना काय कळतंय? तुम्ही फक्त वडिलांच्या दोन आठवणी सांगा. घरचा माणूस बोलला की बरं दिसतं." माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

 लहानपणापासून दादाला सगळे गरीब गाय म्हणत आलेत. शाळेत त्याचा डबा खायचे तरी तो घरी सांगायचा नाही. संचालकबाई बोलल्या, थोडक्यात आणि बऱ्या. मग अधीक्षक बोलले. 'त्यांच्या सेवेत एकही चूक नाही' असं ते म्हणाले तेव्हा मी पर्सचा पट्टा बोटाभोवती इतका आवळला की बोटाचं टोक पांढरं पडलं. मग दादाचं नाव पुकारलं.

तो माइकजवळ गेला. खिशातून लिहून आणलेला कागद काढला, उघडला, आणि परत घडी घातला.

"हे माझ्या वडिलांचं पेन नाही," तो म्हणाला. "त्यांचं पेन घरी आहे. ते आम्ही का दिलं नाही ते माझी बहीण सांगेल. मला ते देऊन टाकायचं होतं, हेही सांगतो. माझं चुकलं."

आणि तो माइकपासून बाजूला झाला. अधीक्षक अर्धे उठले होते. मी त्यांच्यासमोरून गेले.

मला भाषण करायचं नव्हतं. मी पर्समधून ज्ञापन काढलं आणि तारखेपासून सहीपर्यंत वाचलं. मग त्या दुपारी काय झालं ते चार वाक्यांत सांगितलं. पेन ओलं होतं, बाबा उद्या भरतो म्हणाले, त्यांना आत्ता भरा असं सांगितलं गेलं, आणि ज्यांनी सांगितलं त्यांचीच सही या कागदावर आहे. माझा आवाज चढला नाही. चढवायचा होता, पण माझा आवाज बाबांसारखा आहे, रागावलं की आणखीच खाली जातो. मागच्या रांगेतले लोक ऐकायला पुढे वाकले होते.

संचालकबाईंनी अधीक्षकांकडे मान वळवली. "असं झालं होतं?"

"मॅडम, आपण आत बसून बोलू."

"इथेच सांगा ना," दादा म्हणाला. तो अजून माइकजवळच होता.

अधीक्षकांनी रुमाल काढून मान पुसली. "त्या दिवशी घाई होती," ते म्हणाले. "पाहुणे यायचे होते."

"म्हणजे तुम्ही सांगितलं होतं," बाई म्हणाल्या.

"सांगितलं असेन."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एका बाईने पदराने चष्मा पुसला. बाकीचे लोक जेवायचं आहे की नाही, असं एकमेकांना डोळ्यांनी विचारत होते. संचालकबाईंनी बाबांची फाईल मागवली आणि आम्हा तिघांना आपल्या खोलीत यायला सांगितलं.

फाईल यायला वीस मिनिटं लागली. त्या वेळात अधीक्षक खिडकीबाहेर बघत बसले. फाईल आली, बाईंनी धूळ झटकली आणि पानं उलटत त्या ज्ञापनापाशी आल्या. तिथे थांबून त्यांनी पुढचं पान वाचलं, आणि वाचून झाल्यावर फाईल उलटी फिरवून माझ्यापुढे सरकवली.

"हा त्यांचा खुलासा."

मला ते अक्षर दिसलं, आणि आधी नुसतं अक्षरच दिसलं. काळंभोर, अकरा वर्षांनीही जसंच्या तसं. कुठे तपकिरीची छटा नाही. मग मी वाचलं.

'पेन ओले असताना मी त्यात शाई भरली. ओल्या पेनात शाई भरू नये हे मला माहीत होते. चूक माझी आहे.' खाली सही. बस्स. कोणी भरायला सांगितलं, कोण टेबलाशी उभं होतं, एक अक्षर नाही. समासात लाल बॉलपेनने अधीक्षकांच्या अक्षरात शेरा होता, 'खुलासा एक दिवस उशिरा प्राप्त'. काळ्या शाईसाठी बाबांनी पेन धुतलं होतं आणि वाळायला ठेवलं होतं, आणि तेवढ्यात मुदत टळली होती.

"म्हणून मी म्हणत होतो, फाईल उघडू नका," अधीक्षक खिडकीकडे बघतच म्हणाले. "मी काही त्यांना हे लिहायला सांगितलं नव्हतं. मला वाटलं होतं, ते माझं नाव लिहितील. मी उत्तर तयार ठेवलं होतं."

मी त्यांच्यावर ओरडायला हवं होतं. त्यांनी हे वाचलं होतं, आणि वाचूनही बाबांना तिकिटं चिकटवायला पाठवलं होतं. पण माझा राग त्यांच्यापाशी थांबतच नव्हता. 'जे होतं ते लिहिलं.' हे होतं ते? अकरा वर्षं मी या माणसासाठी जगाशी भांडत होते आणि ह्याने तीन वाक्यांत सगळं स्वतःच्या अंगावर घेऊन घरी येऊन शांतपणे भात कालवला होता. मला सांगितलं असतं तर? मी भांडले असते. म्हणून सांगितलं नाही. त्यांना माझ्या भांडणापेक्षा टपालाची खिडकी बरी वाटली.

संचालकबाईंनी साधं बॉलपेन घेतलं आणि ज्ञापनावर लिहिलं, 'सदर ज्ञापन रद्द करण्यात येत आहे.' तारीख, सही. मग पेन अधीक्षकांपुढे धरलं. "तोंडी आदेश तुम्ही दिला होता, एवढं खाली लिहा." अधीक्षकांनी चष्मा शोधला, लावला, लिहिलं.  

"आता ज्ञापनच रद्द झालं, तर खुलाशालाही अर्थ उरत नाही," बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या. "तो काढून तुम्हाला देऊ का? म्हणजे त्यांच्या नावावर काहीच राहणार नाही."

दादा म्हणाला, "हो. द्या ना." मग माझा चेहरा बघून थांबला.

मी ते पान परत वाचलं. माझ्या हातात ते आलं असतं तर मी ते फाडलं असतं. तिथेच, त्यांच्यासमोर. आणि नंतर आयुष्यभर तुकडे जुळवत बसले असते.

"राहू दे," मी म्हटलं. "तुमचं तुम्ही खोडलंत. हे त्यांचं आहे. त्यांना खोडायचं असतं तर त्यांनी खोडलं असतं."

बाहेर येताना आम्ही दालनातून आलो. खुर्च्या उचलत होते. अधीक्षकांनी कपाटाची किल्ली मागून घेतली, ते चकचकीत पेन काढून खिशात टाकलं, आणि काही न बोलता निघून गेले. बाबांचं नाव लिहिलेली पट्टी मागे रिकाम्या मखमलीवर तशीच होती. दादा ती बघत उभा राहिला, तर मी त्याला दंडाला धरून ओढलं.

रस्त्याला लागल्यावर तो म्हणाला, "झालं ना तुझ्या मनासारखं?"

"नाही."

"आता काय राहिलं?"

"त्यांनी असं का लिहिलं?"

 "पण खरं होतं ना ते," तो म्हणाला. "त्यांना माहीत होतं, तरी भरलं. दुसऱ्याने सांगितलं म्हणून त्यांचं माहीत असणं कमी होतं का?"

"तू त्यांची बाजू घेऊ नकोस."

"घेत नाही. नुसतं सांगतोय."

"एकदा नाही म्हणाले. एकदाच. दुसऱ्यांदा म्हणायला काय झालं होतं? आणि एकदा अंगावर घेतलं तर मला सांगायचं तरी. मी काय परकी होते?" माझा आवाज आता चढला होता, भर रस्त्यात, समोरून येणारी माणसं बाजूने जात होती. "इतकी वर्षं मी मूर्खासारखी..."

दादाने मला एका बंद दुकानाच्या पायरीवर बसवलं आणि स्वतः शेजारी बसला. त्याने पाण्याची बाटली काढून दिली. मी प्यायले नाही, नुसती धरून ठेवली.

"छोटी, बाबा गेल्यापासून तू एकदाही रडली नाहीयेस," तो म्हणाला.

"आधी भांडण संपू दे," मी म्हटलं.

"कोणाशी?"

मी बाटलीचं झाकण उघडलं, परत लावलं.  बस आली, गेली, आणि दुसरी यायची वाट बघत आम्ही तिथेच बसून राहिलो.